मदत हवी आहे : परीकथेचा सिनेमा सुचवा, पण मुलगेही शहाणे असलेला

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत सात ते दहा वर्षांच्या पोरांना गच्चीवर सिनेमा दाखवायचाय, मग थोड्या गप्पा. परीकथा हवी असं मुलींनी ठरवून टाकलंय.

मुलींची चंगळ आहे हल्ली. 'ब्रेव्ह'मधली (२०१२) मेरिडा स्वतःच्या स्वयंवरात स्वतःच धनुष्य घेऊन उतरते. 'मलेफिसेंट'मध्ये (२०१४) राजपुत्राच्या चुंबनाने शापाने झोपलेली राजकन्या ढिम्म हलत नाही. मस्तच! पण मुलग्यांचं काय? मेरिडाला मागणी घालायला आलेले तिघे बावळट, 'फ्रोजन'मधला (२०१३) गोडबोल्या हान्स पक्का बदमाश. त्यातला रेनडिअर घेऊन फिरणारा क्रिस्टॉफ तेवढा बरा. शेवटी राजकन्या अ‍ॅनाला विचारून, लाजत मुका घेतो. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, मग मी कोण होऊ? रेनडिअर?"

तर, मुलगी खंबीर आणि मुलगाही धड, असा कुठला सिनेमा आहे? मराठी किंवा हिंदी डबिंग हवंच. आणि नंतर पोरांना काय विचारायचं, तेही सांगा. भाषण दिलं तर सगळे फराळाकडे पळतील. 'श्रेक' नको, तो सगळ्यांना पाठ आहे.