चिखलाचेही फोटो निघतात!

गुजरातमधल्या खंभातच्या आखाताला निळं पाणी नाही, वाळू नाही, मग फोटो दाखवून पर्यटक कसे आणणार, असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. आपण बडोदेकर सुट्टी लागली की दीव किंवा थेट कोकण गाठतो आणि जंबुसरच्या पुढचं, आखाताच्या काठावरचं कावी-कंबोई गाव राहून जातं. तिथल्या स्तंभेश्वर महादेवाची पिंड भरतीत दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. तिचे मोबाइलवरचे फोटो ढिगानं सापडतील. पण ओहोटीनंतरचा किनारा कोण टिपतं? आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे पाणी हटलं की मैलोगणती ओला गाळ उघडा पडतो. त्यात पाण्याने कोरलेल्या नाळी झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने संध्याकाळचं तिरपं ऊन थेट त्यांच्यावर येतं.

एक विनंती मात्र आहे. एडिटिंगमध्ये पाणी निळं करू नका. तो फोटो पाहून आलेला माणूस गढूळ पाणी बघून शिव्या देत परत जाईल, आणि चार जणांना सांगेल ते वेगळंच.

फोटोखाली तिथी आणि भरतीची वेळही लिहा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीची भांगाची (लहान) भरती यांत खूप फरक असतो, शिवाय वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ट्रायपॉड घेऊन गाळात आत जायचा मोह टाळा. पाय रुततो, आणि पाणी फार वेगाने परततं. स्थानिकांना विचारूनच उतरा.