विषय: डिसेंबरच्या क्रूझवरचं जेवण – ठाण्याहून आईबाबा येतायत, कुणी नीट सांगेल का?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या डिसेंबरच्या ग्रुप क्रूझला आम्ही नाव दिलंय, टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनहून सुटणारी, सात रात्रींची. माझे आईबाबा त्याच सुमाराला ठाण्याहून येतायत म्हणून त्यांचंही बुकिंग करून टाकलं. आता झालंय असं की चरईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आईला कुणीतरी सांगितलंय, बोटीवर सगळं फ्रीझरमधलं असतं, शाकाहारी माणसाला ब्रेड-बटाट्यावर दिवस काढावे लागतात, तेव्हापासून रोज फोनवर एकच विषय, थेपले आणू का, दशम्या करू का, छोटा राइस कुकर बॅगेत बसेल का. आई शाकाहारी आहे आणि मार्गशीर्षातले गुरुवार करते, तो एक गुरुवार नेमका समुद्रात येतोय. बाबांना मासे लागतात, पण डायबेटिस आहे आणि गुडघे दुखतात, बफेच्या रांगेत ताट घेऊन उभं राहणं त्यांना जमणार नाही. तिकडच्या साइट्सवरचे रिव्ह्यू वाचले तर अर्धे म्हणतात अप्रतिम, अर्धे म्हणतात थर्ड क्लास. आपल्या जिभेच्या माणसांनी सांगा ना, खरं काय?

---

विषय: रि: डिसेंबरच्या क्रूझवरचं जेवण

अगं, आईला म्हणावं घाबरू नकोस, पण काहीच न विचारता बोटीत पाऊलही टाकू नकोस.

मी सध्या पाचपाखाडीत आहे, मार्चमध्ये लेकीकडे तिकडे येईन. आमचा इथला बायकांचा ग्रुप टूर कंपनीबरोबर सिंगापूरहून क्रूझला गेला होता आणि नंतर मुंबई-गोवाही केलं, म्हणून लिहितेय. सिंगापूरच्या बोटीवर आपली माणसं इतकी असतात की इंडियन काउंटरच वेगळा होता, वरण-भात, पनीर, इडली, सगळं. पण बफे म्हणजे वेळेवर पोचणाऱ्याचं जेवण आहे बघ. सकाळी उघडल्या उघडल्या गेलीस तर पोहे मऊ, वर कोथिंबीर हिरवीगार, आणि तेच दोन तासांनी गेलीस तर कडेचे पोहे वाळून कडकडीत आणि मधले गोळा झालेले, चमचा घातला की अख्खा तुकडाच वर येतो. आमच्यातल्या काही जणी रोज उशिरा उठायच्या आणि रोज जेवणाला नावं ठेवायच्या.

आमच्यात एक जैन मैत्रीण होती, घोडबंदर रोडला राहते. तिने बुकिंग करतानाच लिहून दिलेलं, कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर-मुळा नाही. तिला टेबलावर गरम ताट यायचं, रोज वेगळी भाजी, आणि वेटर येऊन विचारून जायचा की तिखट कमी करू का. आम्ही तेवढेच पैसे भरून रांगेत उभ्या! टूर मॅनेजरने आम्हाला एवढंच सांगितलेलं की सगळं इन्क्लुड आहे, पण कुठल्या रेस्टॉरंटमध्ये इन्क्लुड आणि कुठल्यात वेगळे पैसे, ते काहीच नाही, मग दोघी जणी एका ठिकाणी जाऊन बसल्या आणि शेवटच्या दिवशी बिलात ते निघालं. याचा मला अजून राग आहे, कारण सत्तरीच्या बायका आहेत, इंग्लिश मेनू वाचता येतो पण बारीक अक्षरातलं कोण वाचतं?

आणि चहाची तयारी मनाने करून ठेवा. कोमट पाणी, पुडी आणि थंड दूध. ज्याला सकाळी उकळलेला चहा लागतो त्याला तिथे फार जड जातं. आलं घातलेल्या इन्स्टंट चहाची सीलबंद पाकिटं आईला बॅगेत टाकायला सांग.

– पाचपाखाडीची काकू

---

विषय: रि: रि: डिसेंबरच्या क्रूझवरचं जेवण

नमस्कार,

मी आता नेरूळला असतो. या लिस्टवर तुमच्याकडे राहत होतो तेव्हापासून आहे, एरवी लिहीत नाही, पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा होता. क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कॉमी म्हणजे हाताखालचा कुक म्हणून लागलो आणि बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर कॉन्ट्रॅक्ट केली. काकूंचं पोह्यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगतो.

बोटीवरचं जेवण मुळात वाईट नसतं, ते थांबून थांबून वाईट होतं. मेन डायनिंग रूममध्ये तुमची ऑर्डर गेल्यावर ताट लागतं, बफेत तोच स्वयंपाक वाफेवरच्या ट्रेमध्ये ठेवून द्यावा लागतो. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचे, म्हणजे सीडीसीचे, बोटींसाठी नियम आहेत, गरम पदार्थ ५७ डिग्रीच्या वर ठेवायचा, थंड ५ डिग्रीच्या खाली, आणि तसा ठेवता येत नसेल तर वेळ लिहून ठेवायची आणि ४ तासांनी टाकून द्यायचं. पोटासाठी हे उत्तमच, पण पोहे, इडली, भात, भजी यांची चव तासाभरातच गेलेली असते. म्हणून आईबाबांना रात्री मेन डायनिंगमध्येच न्या, ते तिकिटातच असतं. सकाळीही बहुतेक बोटींवर एक बसून खायची जागा उघडी असते, तिथे ऑम्लेट, ओट्स गरम करून देतात, बाबांच्या गुडघ्यांनाही बरं.

फ्रीझरचं म्हणाल तर हो, मांस आणि मासे बहुतेक फ्रोझनच येतात, उणे १८ डिग्रीत राहतात, आणि ते योग्यच आहे. आठवडाभर हजारो माणसांना जेवायला घालायचंय, मधल्या प्रत्येक बंदरावर बाजार करता येत नाही, माल मुख्यतः ज्या दिवशी जुने पॅसेंजर उतरून नवे चढतात त्या एका दिवसात भरायचा असतो. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर तर ७,६०० पर्यंत पॅसेंजर मावतात, क्रू वेगळा. भाजी-फळं मात्र ताजी असतात आणि ब्रेड रात्रभर बोटीवरच्या बेकरीत भाजला जातो. पहिल्या तीन दिवसांत पालेभाजी, बेरी वगैरे खाऊन घ्या, शेवटी शेवटी कोबी, गाजर, सफरचंद अशी टिकणारी मंडळी ताटात जास्त दिसायला लागतात.

बाबांना माशाबद्दल आधीच नीट सांगून ठेव. मी आता सकाळी दिवाळे गावच्या मासळीबाजारात जाऊन बोंबील आणतो, ते डोळ्यासमोर ठेवून बोटीवर बसलं तर माणूस नाराजच होणार. तिथे सॅमन, कॉड, तिलापिया, माही-माही, लिंबू-बटर लावलेले. मासा खराब नसतो, फक्त त्याला आपलं तिखट-आगळ लागलेलं नसतं. एका रात्री बहुतेक लॉबस्टर असतो, पहिली प्लेट तिकिटात, पुढच्या प्लेटचे काही कंपन्या पैसे घेतात, ऑर्डर देताना विचारायचं.

पोळीबद्दल आईला एक गोष्ट समजावून सांग. बोटीवर आग ही सगळ्यात मोठी भीती, त्यामुळे गॅलीत गॅसची ज्योत नसते, सगळं इलेक्ट्रिक, कोळशाची भट्टी तर नाहीच. फुलका फुगवायला आच कुठून आणणार? सपाट गरम प्लेटवर भाजतात, मग ती चामट होते, म्हणून बोटीवरचे इंडियन शेफ नान किंवा पराठा करतात, तो जमतो. फोडणीचंही तेच, मोठ्या टिल्टिंग पॅनमध्ये मोहरी तडतडते पण घरच्या पळीतला वास येत नाही. पोळीचा हट्ट धरू नका, भात-डाळ मागा. डाळ आमची माणसं मनापासून करतात.

आणि आमची माणसं खरंच सगळीकडे आहेत हो. गोव्याचे खूप, मुंबई-नवी मुंबईचे खूप. तेव्हा पहिल्याच रात्री, दुसऱ्या नाही, पहिल्याच, हेड वेटरला टेबलाशी बोलावून घ्यायचं आणि शांतपणे सांगायचं की आई शाकाहारी आहे, इंडियन जेवण हवंय, तिखट एवढं. तो उद्याचा मेनू आज रात्री आणून दाखवतो, त्यावरून उद्याचं ताट आज ठरतं, गॅलीला तयारीला वेळ मिळतो आणि ताट तुमच्या टेबलच्या नावाने निघतं. ऐन वेळी ‘व्हेज काय आहे’ विचारलं की पास्ता येतो. मी गॅलीत असताना ट्रॉलीवर असं आदल्या रात्री सांगितलेलं एखादं ताट असायचं, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली, आणि त्या ताटाला आम्ही कधी हयगय केली नाही, वरून कोथिंबीर नसली तर शोधून आणायचो, कारण कुणाची तरी आई जेवणार असते हे आम्हाला माहीत होतं.

लोक जेवणाला नावं ठेवतात तेव्हा मला वाईट वाटतं ते यासाठी. सागरी कामगारांच्या २००६ च्या करारात क्रूला दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे असं आहे, आता उरलेल्या तासांचा हिशोब करा, तेवढं उभं राहून काम करता येतं, सुट्टीचा वार असा नसतो, महिने महिने. जिथे दर्जा घसरलाय तिथे तो ऑफिसात घसरलाय. २०२० च्या मार्चमध्ये धंदा बंद पडला तो अमेरिकेतून २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाला, कंपन्यांच्या डोक्यावर कर्ज झालं, मग कुठे मेनू छोटा, कुठे चांगला स्टेक पैसेवाल्या रेस्टॉरंटमध्ये हलवलेला. याची तक्रार जरूर करा, पण ती कंपनीला लिहा, वेटरच्या तोंडावर नको, त्याच्या हातात मेनू नसतो.

कुकर, केटल, शेगडी काही आणू नका, चढतानाच काढून घेतात. घरी केलेलं जेवणही बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत, दशम्या विमानात आणि तुझ्या घरी खा. दुकानातलं सीलबंद चालतं, चिवडा, खाकरा, लोणच्याची छोटी पाकिटं, चहा. आणि बफेतलं केळं पर्समध्ये टाकून बंदरावर उतरायचं नाही, फळं-मांस खाली न्यायला बंदी असते, दंड होतो.

– नेरूळहून

---

विषय: रि: रि: रि: डिसेंबरच्या क्रूझवरचं जेवण

दादा, तुमचा मेल आईला फोनवर वाचून दाखवला, कुकर बॅगेतून निघाला! बाबा म्हणतायत सॅमन तर सॅमन, पण एक दिवस तरी मसाला लावून द्या म्हणावं. दोनच गोष्टी राहिल्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई दिवसभर उपास करते आणि संध्याकाळी कांदा-लसणाशिवाय जेवते, त्याचं काय करायचं? आणि बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ येते असं बातम्यांत येतं, बाबांच्या वयाला भीती वाटते.

---

विषय: रि: रि: रि: रि: डिसेंबरच्या क्रूझवरचं जेवण

उपासाचं सोपं आहे. साबुदाणा मिळणार नाही, दाण्याचं कूट बोटीवर मागायचंच नाही, शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीमुळे गॅली फार सांभाळून असते. पण उकडलेला बटाटा, फळं, दही, गरम दूध, बदाम हे सकाळपासून मिळतं. राजगिऱ्याच्या लाडवांचं सीलबंद पाकीट ठाण्याहून आणा. संध्याकाळचं ताट बुधवारी रात्री सांगायचं, आणि ‘जैन’ हा शब्द वापरायचा, तो गॅलीत सगळ्यांना कळतो, ‘उपास सोडायचाय’ हे समजावत बसायला लागेल. शिवाय आत्ताच कंपनीच्या स्पेशल नीड्स विभागाला ईमेल करून ठेव, निघायच्या दोन-तीन महिने आधी गेलेला बरा, म्हणजे माल भरतानाच धरतात. बाबांच्या डायबेटिसचंही त्यातच लिही, शुगर-फ्री डेझर्ट रोज असतं, आणि इन्सुलिन असेल तर केबिनमध्ये औषधांसाठी फ्रिज मिळतो का ते विचारून घे.

मसाल्याचं म्हणाल तर हेड वेटरला सांगा, गॅलीत इंडियन कुक असेल तर ग्रिल्ड फिशला हळद-तिखट लावून देतो, मी स्वतः दिलंय.

साथीचं खरं आहे, नोरोव्हायरस. सीडीसी ज्या बोटी तपासतं त्यांचे मार्क नेटवर सगळ्यांना बघता येतात, १०० पैकी ८६ पासून वर पास, ८५ किंवा खाली म्हणजे नापास, तपासणीला न सांगता येतात. आमच्या काळी इन्स्पेक्टर चढले की गॅलीत शब्द फुटत नसे, फ्रिजच्या दाराच्या रबरातली घडी बोटाने उघडून बघायचे. आपल्या बोटीचं नाव टाकून मागचे दोन-तीन रिपोर्ट वाच, नुसता आकडा नको, गॅलीबद्दल काय लिहिलंय ते बघ. आणि दारात सॅनिटायझर मारतात त्यावर विसंबू नका, नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, जेवायच्या आधी साबण-पाण्याने हात धुवायचेच, बफेतला चमचा हाताळल्यावर पुन्हा.

बोटीचं नाव आणि जेवणाची वेळ लवकरची आहे की उशिराची ते कळव. डायबेटिसवाल्यांना लवकरचीच मागून घे, ती आधी भरते. स्पेशल नीड्सच्या ईमेलचा मसुदा करून मला पाठव, गॅलीला कळेल अशा शब्दांत करून देतो.