झिरो ड्रॉप शूज आणि हिल स्प्रिंट, टाचेमागची शीर धरली आहे, मदत हवी आहे

मंडळी, जरा सल्ला हवाय. वय ४१, पुणे, तीन वर्षं पळतोय, या वेळी एसआरटीचं (सिंहगड-राजगड-तोरणा, डोंगरातली शर्यत) २५ किमी करायचंय (घरी सांगून बसलोय, आता माघार नाही). आत्तापर्यंत १० मिमी ड्रॉपचे (म्हणजे टाच पंजापेक्षा १० मिमी उंच) जाड गादीवाले शूज होते. वेताळ टेकडीच्या सुट्या मुरमावर त्यात दोनदा पाय मुरगळला, मग एकाने डोक्यात भरवलं की पातळ सोलचे झिरो ड्रॉप घे, जमीन कळते. घेतले. कळते खरी, खडा न् खडा कळतो.

त्याच आठवड्यात हिल स्प्रिंटपण चालू केले. १० सेकंद जीव खाऊन चढ पळायचा, चालत खाली यायचं, पहिल्याच दिवशी असे ८ मारले. जाम मजा आली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरलो, ते चार दिवसांत गेलं पण आता तीन आठवडे झाले, सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं डाव्या टाचेमागची शीर कडक, चिमटीत धरली की दुखते, पळायला लागलं की किलोमीटरभरात गायब आणि रात्री परत हजर. सूज नाही.

शूजमुळे का स्प्रिंटमुळे? बंद काय करू? आणि रविवारचा सिंहगड चालेल का?

प्रतिसाद:
दोन्हीमुळे, आणि दोन्ही एकदम केलंत म्हणून. ड्रॉप गेला की पोटरी आणि अकिलीसवर, म्हणजे टाचेमागच्या शिरेवर, भार वाढतो, चढावर स्प्रिंट मारताना टाच टेकतच नाही, म्हणजे परत तीच शीर. जुने शूज परत घाला, स्प्रिंट बंद, सपाटीवर हळू पळा, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं तर तेही कमी करा. पायरीच्या कडेवर उभं राहून दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एकट्या पायाने सावकाश खाली, १५ चे ३ सेट, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. भयंकर कंटाळवाणं आहे पण मला त्यानेच उतार पडला. दुखणं अगदी हाडाला चिकटून असेल तर मात्र टाच पायरीखाली सोडू नका, जमिनीवरच करा आणि फिजिओला दाखवा.

नंतर स्प्रिंट २ पासून, ८ सेकंदांचे, जुन्याच शूजमध्ये. नवे तोवर घरात आणि भाजी आणायला.

धागाकर्ता:
हाडापासून तीन बोटं वर आहे. पायरी आजपासून. आणि सिंहगड?

प्रतिसाद:
महिनाभर नको. पिठलं-भाकरीच खायची असेल तर गाडीने जा.