मदत हवी आहे: देशांच्या इकॉलॉजिकल फूटप्रिंटचे दोन तक्ते जुळत नाहीत

नीलिमा_त
शाळेच्या प्रदर्शनासाठी फलक करतेय. शुक्रवारी छपाईला द्यायचा आहे. फूटप्रिंटचे, म्हणजे आपल्या वापराला किती जमीन आणि समुद्र लागतो त्याचे, दोन तक्ते मिळालेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कुठला बरोबर? लवकर सांगा प्लीज. गूगल करून झालंय, म्हणूनच इथे विचारतेय.

भूजल
कुठले तक्ते? कुठल्या वर्षाचे? दरडोई आकडे आहेत की अख्ख्या देशाचे? अख्खा देश धरला तर चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग भारत येतो. दरडोई बघितलं तर आपण बरेच खाली, माणशी साधारण १.२ जागतिक हेक्टर (जगातल्या सरासरी कसाचा हेक्टर). जगाची सरासरी पावणेतीनच्या आसपास.

गच्चीवरची_बाग
नीलिमाताई, तक्ते राहू द्या. आमच्या सोसायटीचा ओला कचरा आम्ही गच्चीवरच जिरवतो, खत विकत आणावं लागत नाही. मुलांना हेच दाखवा. ड्रम कसा भरायचा त्याची कृती हवी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

काळी_माती
तक्ता कुठलाही घ्या, मूळ दुखणं लोकसंख्येचं. आपली जैवक्षमता, म्हणजे आपली जमीन-पाणी जेवढं पुरवू शकतं ते, माणशी ०.४ जागतिक हेक्टर, वापर त्याच्या तिप्पट. एवढी तोंडं असली की तूट येणारच.

दोहाकर
काळी_माती, असहमत. मी कतारमध्ये राहतो. इथली लोकसंख्या आपल्या एका मोठ्या शहराएवढीसुद्धा नाही, तरी दरडोई फूटप्रिंट जगात सर्वांत वरच्यांमध्ये. पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, त्याला गॅस जाळतात. एसी जवळजवळ वर्षभर. धान्य, भाजी बहुतेक सगळं बाहेरून. फूटप्रिंटमध्ये सर्वांत मोठा वाटा कार्बनचा असतो, निम्म्याहून जास्त. तो शोषायला लागणारं जंगल हिशेबात धरतात. डोकी मोजून हे दिसत नाही.

काळी_माती
कतारचं उदाहरण टोकाचं आहे. दीडशे कोटींच्या घरातल्या देशाला ते लावू नका.

नीलिमा_त
वाद नंतर करा ना! एका तक्त्यात डेन्मार्क पहिला आणि भारत १८० पैकी १८०वा. दुसऱ्यात कतार वर, डेन्मार्कही बराच वर, आणि भारत तळाकडे. आता सांगा.

भूजल
हे आधी लिहायला हवं होतं. पहिला तक्ता फूटप्रिंटचा नाहीच. तो येल आणि कोलंबिया विद्यापीठांचा २०२२ चा पर्यावरण कामगिरी निर्देशांक. हवा, पाणी, जैवविविधता, हवामान धोरण अशा बाबींना गुण देतात, तिथे पहिला नंबर चांगला. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने त्या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतला होता. फूटप्रिंटमध्ये वरचा नंबर म्हणजे जास्त ओरबाडणं. ती कल्पना १९९० च्या दशकात विल्यम रीज आणि मॅथिस वाकरनागेल यांनी कॅनडात मांडली. डेन्मार्क गुणांत पहिला आणि तरी दरडोई फूटप्रिंट जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, दोन्ही एकदम खरं आहे.

माळरान
भूजल यांना एक जोड. फूटप्रिंटवरून परिसंस्थेची तब्येत ठरवू नका, फलकावर तर मुळीच नको. ब्राझील कायम शिलकीत दिसतो, कारण जैवक्षमता अफाट. पण तिथल्या ॲमेझॉनमध्ये २००४ साली एका वर्षात सुमारे २७,७०० चौ. किमी जंगल तुटलं. सरकारने लक्ष घातल्यावर २०१२ पर्यंत ते ४,६०० च्या आसपास आलं आणि २०२१ मध्ये पुन्हा १३,००० वर गेलं. शिलकीच्या आकड्यात हे दिसत नाही.

आपल्याकडेही तेच. २०२३ च्या वन अहवालात देशाचं वन आणि वृक्षाच्छादन २५.१७ टक्के आहे. त्यात फळबागा, बांबू, लागवडीची झाडं सगळं येतं. माळढोक पक्ष्याचं गवताळ माळरान मात्र त्या मोजणीत बसत नाही. तिथे झाडं लावली की टक्का वाढतो आणि माळढोकाचा अधिवास जातो. मला याचा फार राग येतो.

भूजल
+१. पाण्याचंही तसंच. पंजाब दरवर्षी जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या दीडपटीहून जास्त उपसतो. त्या पाण्यावर भाताचं एकरी उत्पादन वाढतं आणि जैवक्षमतेच्या हिशेबात ती जमीन जास्त सकस ठरते. खाली गेलेली पातळी कुठेच वजा होत नाही.

गच्चीवरची_बाग
पंजाबला कशाला जायचं? मराठवाड्यातला ऊस बघा. ठिबक सक्तीचं केलं पाहिजे.

काळी_माती
ठिबकने वाचलेल्या पाण्यावर लोक आणखी ऊस लावतात. आमच्या भागात डोळ्यांनी बघतोय.

नीलिमा_त
उसाचा वेगळा धागा काढा कृपया. भूजल, माळरान, खूप आभार. दोन्ही तक्ते वेगवेगळ्या नावांनी लावते, मध्ये ब्राझील आणि पंजाब. आता एकच अडलंय: सातवीच्या मुलांना "जागतिक हेक्टर" कसं सांगू?

दोहाकर
भागाकार करायला लावा. पृथ्वीवरची पिकणारी जमीन, कुरणं, जंगल आणि मासेमारीचा समुद्र मिळून साधारण १२०० कोटी हेक्टर. माणसं ८०० कोटी. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी कसाचा दीड हेक्टर.

माळरान
एकरात सांगा, गावाकडच्या मुलांना पटकन कळेल. पावणेचार एकर. आणि त्यातच वाघ, माळढोक, मासे सगळ्यांना जगायचंय, हे त्याच चौकटीत लिहा. ब्राझीलचे वर्षवार आकडे नीट करून आज रात्री पाठवतो.