जुन्या मियाटाचे इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?

फ्रीमाँटकर:

माझ्याकडे १९९० सालची माझदा मियाटा आहे. तिच्यात मूळचे १.६ लिटरचे इंजिन आणि पाच गियरचा गिअरबॉक्स असून मैलांचा आकडा आता १,४८,००० च्या पुढे गेला आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी एका गॅरेजमधून टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून घेतला. त्यानंतर पहिले दोन-तीनशे मैल गाडी उत्तम चालली, पुढे मात्र पिकअप हळूहळू कमी होत गेला. सुनोलचा चढ ती पूर्वी पाचव्या गियरमध्ये सहज चढत असे, आता तिला चौथ्यात आणावे लागते. धूर नाही, तेल पीत नाही, तापत नाही.

दुसऱ्या एका गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासले. चार सिलिंडरचे आकडे अनुक्रमे १६६, १६३, १६८ आणि १६४ पीएसआय आले. चारही आकडे कमी आहेत, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, तेव्हा इंजिनाचे काम काढा किंवा दुसरे इंजिन बसवा, असा निर्वाळा देऊन त्यांनी ४,८०० डॉलरचा अंदाज हाती ठेवला. एवढ्या पैशांत आणखी एक जुनी मियाटा येईल, असे घरातून ऐकवण्यात आले आणि ते खोटे नाही.

म्हणून हे काम स्वतः करण्याचा विचार आहे. पुण्यात असताना वडिलांच्या चेतकचे हेड मी दोनदा खोलले होते, इथे या गाडीचे ब्रेक आणि क्लचचा खालचा सिलिंडर बदलला आहे, पण चारचाकीचे इंजिन कधी बाहेर काढलेले नाही. टॉर्क रेंच, चार जॅक स्टँड आणि महिनाभर अडवता येईल अशी गॅरेजमधली अर्धी जागा, एवढे भांडवल आहे. माझ्यापुढे तीन मार्ग दिसतात: आहे ते इंजिन खोलून रिंगा बदलणे, भंगारातल्या गाडीचे १.६ लिटरचे इंजिन आणून बसवणे, किंवा एवढा उपद्व्याप करायचाच तर १९९४ पासूनचे १.८ लिटरचे इंजिन घालणे. ज्यांनी यांपैकी काही स्वतःच्या हाताने केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

त्रिज्या:

तीनपैकी एकही मार्ग आज निवडू नका, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून रिंगा गेल्याचे मला मुळीच वाटत नाही. मी मिशिगनमध्ये इंजिनांच्या चाचणीचेच काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

माझदाच्या दुरुस्ती पुस्तिकेत या इंजिनाचे कॉम्प्रेशन १९२ पीएसआय आणि किमान मर्यादा १३५ दिली आहे. दोन सिलिंडरमधला फरक २८ पर्यंत चालतो. तुमचे आकडे मर्यादेच्या बरेच वर आहेत आणि त्यांच्यातला फरक फक्त ५ आहे. रिंगा झिजतात तेव्हा चारही सिलिंडर हातात हात घालून इतक्या शिस्तीत खाली येत नाहीत. एखादा तरी मागे राहतो किंवा पुढे पळतो, आणि तेलाचा खपही वाढतो. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्या चौघांना सामायिक असलेल्या गोष्टीवर आधी संशय घ्यावा. अशी गोष्ट म्हणजे कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडमीट करणाऱ्या दांड्याचे, टायमिंग. कॅमशाफ्ट मागे पडले की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतात, पिस्टन वर येऊ लागल्यावरही थोडी हवा परत बाहेर जाते, आणि गेज कमी आकडा दाखवतो. इंजिन बिचारे धडधाकट असते.

आता तुमच्या गाडीचे वर्ष पाहा. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) पुढचे टोक आखूड होते, पुढे ते लांब आणि जाड करण्यात आले. आखूड टोकाचा क्रँक नीट बसवला तर वर्षानुवर्षे चालतो, पण त्यावरचा मोठा बोल्ट एकदा काढल्यावर स्वच्छ करून योग्य टॉर्कने आवळला नाही, तर टायमिंग बेल्ट फिरवून कॅमशाफ्ट चालवणारा टायमिंगचा गियर ज्या चावीवर (धातूच्या छोट्या पट्टीवर) बसतो ती चावी आपल्या खाचेत हलू लागते आणि खाच रुंद होत जाते. बेल्ट बदलल्यानंतर काही शे मैलांनी पिकअप *हळूहळू* जाणे, हे तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. बेल्ट एक दात चुकवून बसवला असता तर गाडी गॅरेजमधून बाहेर पडतानाच मंद वाटली असती.

तपासणीला फारसा खर्च नाही. बॉनेट उघडून खालच्या पुलीकडे पाहा. तिच्या पुढच्या तोंडावर चार खाचा असतील तर क्रँक आखूड टोकाचा, आठ असतील तर लांब टोकाचा. मग इंजिन चालू करून पुलीची कड बाजूने न्याहाळा. ती लपकत असेल तर निदान निम्मे झाले. लपकत नसेल तरी निश्चिंत होऊ नका.

इथे एक फसवी जागा आहे. टायमिंग लाइट लावून ठिणगीचे ठरलेले १० अंश बरोबर दिसले म्हणून सगळे बरोबर, असे नाही. पुली ज्या बॉसवर (क्रँकवरच्या धातूच्या बैठकीवर) बसते तो बॉस आणि टायमिंगचा गियर एकाच चावीवर बसतात. चावी सरकली की दोघेही एकत्र मागे पडतात आणि पुलीवरची खूणसुद्धा त्यांच्याबरोबर खोटे बोलू लागते. म्हणून पिस्टनलाच विचारावे लागते. चारही प्लग काढा, पहिल्या सिलिंडरच्या भोकात कबाबची लांब बांबूची काडी सोडा, गाडी पाचव्या गियरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकला. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवण्याचा मोह मात्र टाळा. संशयित तोच आहे. पिस्टन अगदी वर आल्यावर काही अंश काडी हलतच नाही, त्यामुळे शिखर नजरेने ठरवता येत नाही. काडीवर पेनने एक रेघ मारा, पिस्टन वर जाताना ती रेघ भोकाच्या काठाशी आली की पुलीवर खडूने खूण करा, पिस्टन उतरताना रेघ पुन्हा त्याच जागी आली की दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य हे खरे शिखर. पुलीवरची कारखान्याची खाच आणि हा मध्य यांत अंतर असेल तर चावीची खाच गेलेली आहे. अंतर नसेल तर कव्हर काढून बेल्टचे दात मोजा. दोन्ही कॅमच्या 'आय' आणि 'ई' या खुणांमध्ये १९ दात हवेत.

धीर द्यायला एवढेच सांगते की या १.६ इंजिनात टायमिंग चुकले किंवा बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हना भिडत नाहीत.

---

रविवारचा कारागीर:

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या १९९० च्या गाडीत नेमके हेच झाले होते आणि बोल्ट कमी आवळण्याचा पराक्रम माझाच होता. क्रँक बाहेर न काढता मी तो दुरुस्त केला आणि त्यानंतर गाडी ११,००० मैल चालली आहे.

रेडिएटर काढला की समोर हात फिरवायला ऐसपैस जागा होते, त्यामुळे तो काढाच. वरची काळी प्लास्टिकची टाकी तपकिरी पडली असेल तर परत बसवू नका, ती लवकरच तडकणार आहे. बेल्ट, पुली, कव्हरे काढून २१ मिमीचा तो मोठा बोल्ट सोडवला. माझा बोल्ट आश्चर्यकारक सहजतेने सुटला आणि वायसरच्या मागे लालसर, गंजासारखी भुकटी निघाली. धातूवर धातू घासल्याची ती खूण. चावी काढल्यावर खाचेची एक भिंत सरळ होती आणि दुसरी चमच्यासारखी खोलगट झालेली होती.

दुरुस्तीचे मर्म असे की नवी चावी न झिजलेल्या भिंतीला घट्ट टेकवून बसवायची आणि झिजलेल्या बाजूची पोकळी भरून काढायची. त्यासाठी लॉकटाइट ६६० हे धातूची फट भरून घट्ट होणारे रसायन वापरतात. ते सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट भरते. माझी फट त्याहून मोठी होती, म्हणून फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) एक पातळ धातूची पाती तोडून, तासून, चावीच्या बाजूला पाचरीसारखी ठोकली आणि उरलेली जागा लॉकटाइटने भरली. गियर, बॉस, चावी आणि बोल्ट हे चारही भाग नवेच घ्यावेत. जुन्या गियरच्या खाचेतही झीज असते आणि त्यात काटकसर केल्यास सगळी मेहनत पाण्यात जाते. तेलाचा अंशही राहता कामा नये. मी ब्रेक क्लीनरने तीनदा धुतले, तरी चौथ्यांदा पुसलेल्या कापडावर डाग आलाच.

बोल्टचा टॉर्क नीट लक्षात ठेवा. आखूड टोकाला ८० ते ८७ फूट-पाउंड आहे. लांब टोकाचा ११६ ते १२३ हा आकडा नेटवर सर्रास सापडतो, तो तुमच्यासाठी नाही. बोल्ट आवळल्यावर पूर्ण २४ तास इंजिनाला हात लावू नये. नंतर बेल्ट चढवून ताण देण्यापूर्वी क्रँक हाताने एक पूर्ण आणि पाच षष्ठांश फेरा फिरवायचा असतो. हा विचित्र अपूर्णांक छापखान्याची चूक नव्हे.

आत शिरलाच आहात तर क्रँकचे पुढचे तेलाचे सील बदलून घ्या. हेडच्या मागे, फायरवॉलजवळ, कॅम अँगल सेन्सरचे ओ-रिंगही बदला. त्यातून गळणारे तेल गिअरबॉक्सच्या तोंडावर ओघळते आणि क्रँकचे मागचे सील गेले असे वाटून माणसे विनाकारण गिअरबॉक्स उतरवतात. हा दहा मिनिटांचा भाग आहे, पण हात मात्र सोलून निघतात.

---

सॅक्रामेंटोनिवासी:

मी थोडा विरोधी सूर लावतो. लॉकटाइटची दुरुस्ती मी तीन गाड्यांवर पाहिली आहे. दोन टिकल्या, एक आठ महिन्यांत सुटली. झीज फार असेल तर माझ्या मते लांब टोकाचे १.६ इंजिन बसवणे शहाणपणाचे. अमेरिकेत १९९३ पर्यंतच्या मियाटात तेच इंजिन होते. तुमची वायरिंग, संगणक, इनटेक, सगळे जसेच्या तसे जुळते.

१.८ चा विचार कॅलिफोर्नियात राहून करत असाल तर आधी कायदा बघा. आपल्या राज्यात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी आहे. बदललेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते आणि त्या इंजिनाबरोबर आलेली प्रदूषण नियंत्रणाची सर्व सामग्री जागच्या जागी लागते. १.८ घातले की रेफरीकडे, म्हणजे असे बदल तपासणाऱ्या स्मॉग केंद्राकडे, गाडी दाखवणे आले. मी ते केले आहे. इंजिन बसवायला दोन शनिवार-रविवार लागले आणि कागदपत्रांना चार महिने. मूळच्या ११६ अश्वशक्तीऐवजी १२८ मिळतात, पण हा व्यवहार तुमच्या चढासाठी गरजेचा नाही.

इंजिन काढायचेच झाल्यास ते गिअरबॉक्ससह एकत्र वर उचला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब तुळई सोडवण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या खाली जॅक लावा, नाहीतर त्याचे शेपूट खाली लोंबते आणि इंजिन मागे कलून फायरवॉलवर टेकते. परत बसवताना त्या तुळईचा कोन पुस्तिकेप्रमाणे मोजून ठेवावा लागतो, नाहीतर गाडी वेगात थरथरते. बाकी इंजिन उचलायचा हॉइस्ट भाड्याने मिळतो आणि बॉनेट धरायला शेजारी पुरतो.

भंगारातले इंजिन घेताना विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका. पुलीवरच्या आठ खाचा स्वतः मोजा, आणि तेल भरायचे झाकण उघडून आत काळा थर किती आहे ते बोट फिरवून पाहा.

---

फ्रीमाँटकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालचा सगळा रविवार यात गेला.

पुलीवर चार खाचा आहेत. लपकणे नजरेला जाणवण्याइतके नव्हते, त्यामुळे त्रिज्याताईंनी बजावले नसते तर मी तिथेच थांबलो असतो. बांबूच्या काडीचा प्रयोग तीनदा केला. खडूच्या दोन खुणांचा मध्य आणि पुलीवरची खाच यांत दोरा लावून मोजले, पुलीच्या परिघाशी प्रमाण काढले, तर तिन्ही वेळा आठ ते नऊ अंशांचे अंतर आले. गाडी ढकलायला मुलीला लावले होते, "बाबा, अजून किती वेळा?" हा प्रश्न तिने काडीपेक्षा अचूक मोजला.

पुढचा भाग खोलल्यावर बोल्ट खरोखरच फारसा जोर न लावता सुटला. लालसर भुकटीही मिळाली. खाचेची एक भिंत झिजली आहे, फट दीड मिलिमीटरच्या आसपास आहे. सॅक्रामेंटोनिवासी यांची शंका रास्त आहे, पण शंभर-सव्वाशे डॉलरच्या भागांत एकदा प्रयत्न करून पाहायचे ठरवले आहे. दरम्यान स्टॉकटनजवळ १९९२ च्या एका ठोकलेल्या गाडीचे इंजिन विक्रीला आहे, त्याच्या खाचा मोजून ठेवेन.

---

फ्रीमाँटकर:

तीन आठवड्यांनी कळवतो आहे. पातीची पाचर, लॉकटाइट, नवे चारही भाग, ८५ फूट-पाउंड, आणि मी घाबरून २४ ऐवजी ४८ तास थांबलो. काडीने पुन्हा मोजले, तर खाच आणि शिखर एकमेकांवर आले. गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन आता १८१, १७८, १८२ आणि १७९ आहे. रिंगांना कोणी हात लावलेला नाही.

काल सुनोल पाचव्या गियरमध्ये चढलो. दर ५०० मैलांनी काडीने पुन्हा मोजणार आहे. एक प्रश्न उरला: थंड इंजिन सुरू करताना पहिली दोन-तीन मिनिटे हेडमधून टकटक येते, नंतर ती थांबते. हे पूर्वीही होते का, ते आता आठवत नाही.

---

त्रिज्या:

ते हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधले तेलाच्या दाबाने चालणारे भाग) आहेत, तेल आत पोचेपर्यंत बोलतात. गाडी महिनाभर उभी होती म्हणून अधिक जाणवत असेल. तेल बदला, शे-दोनशे मैल चालवा. तरीही टकटक दहा मिनिटांच्या पुढे टिकली तर नवा धागा उघडा.