मदत हवी आहे: पिल्लाच्या लसी अजून पूर्ण व्हायच्यात, आणि ते आत्तापासूनच घाबरट होत चाललंय

मंडळी, घरात पहिल्यांदाच कुत्र्याचं पिल्लू आलंय. चिंगी, वय १० आठवडे, आमच्याकडे येऊन दोन आठवडे झाले.

शी-शूचं जमतंय. झोपून उठली, खाऊन झालं, खेळून दमली की उचलून ठरलेल्या जागी नेते. चावते खूप, दुधाचे दात म्हणजे नुसत्या सुया. माझ्या एकाही पायजम्याची कड धड राहिलेली नाही, पण त्याचं मी बघून घेईन.

घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. डॉक्टर म्हणतात, शेवटचा डोस १६व्या आठवड्यात, तोवर बाहेर जमिनीवर सोडायचं नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार, आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पटलं. पण माणसं, आवाज, इतर कुत्री यांची भीड चेपायचा काळ साधारण तिसऱ्या ते १४व्या आठवड्यापर्यंतचाच, हेही वाचलंय. मग हे गणित बसवायचं कसं?

त्यात परवा मी तिच्यासमोर छत्री उघडली. फट्ट आवाज झाला, चिंगी जागच्या जागी मुतली आणि थेट सोफ्याखाली. मी तिला ओढून बाहेर काढलं, कुशीत घेतलं आणि "काही नाही गं, बघ तरी" म्हणत छत्री तिच्या नाकाशी नेली. आता कोपऱ्यात मिटून ठेवलेली छत्री दिसली तरी समोरच्या भिंतीला अंग घासत जाते. माझंच चुकलं का?

शेजारी पाच वर्षांचा, लसी वेळेवर झालेला, अगदी गरीब कुत्रा आहे. त्याला घरी बोलावलं तर चालेल का?

प्रतिसाद:
जमिनीवर सोडायचं नाही, एवढंच डॉक्टर म्हणालेत. कडेवर घेऊन जा की! आमची वजनदार होती, मी गळ्यात झोळी अडकवून न्यायचो. लोक हसायचे, हसू देत. शाळा सुटताना लांब उभं राहायचं, हेल्मेटवाले, काठी टेकत जाणारे आजोबा, स्कूटर, सगळं नुसतं बघू द्यायचं आणि बघताना खाऊ द्यायचा. दहा मिनिटांत परत. आवडता खाऊ तोंडाशी नेऊनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ गेलात, मागे सरका. आणि चिंगीला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात देऊ नका, त्याने उलट धास्ती बसते.

कुशीत घेतलंत ते बरोबरच, त्याने भीती वाढत नाही. चुकलं ते ओढून काढणं आणि छत्री नाकाशी नेणं. मिटलेली छत्री खोलीत मधोमध आडवी टाका, भोवती लांब-जवळ खाऊ विखरून ठेवा आणि आपण वाचत बसा. तिच्याकडे बघायचंही नाही. ते जमलं की अर्धवट उघडलेली. फट्ट आवाज सगळ्यात शेवटी, तोही आधी दुसऱ्या खोलीतून.

शेजारच्याला जरूर बोलवा, डॉक्टरांच्या कानावर घालून. भेट घरातच, आणि चिंगीला लपायला जागा मोकळी ठेवा. ती अंगचटीला आल्यावर तो एकदा गुरगुरला तर त्याला रागावू नका. किती जोरात चावलेलं चालत नाही, हे त्याच्याइतकं नीट तुम्हाला शिकवता येणार नाही.

धागाकर्ती:
खूप आभार! शेजारच्या भेटीला डॉक्टरांनी होकार दिलाय, रविवारी बोलावलंय. छत्री आज मधोमध टाकली. पाऊण तासाने मागचे पाय जागेवरच ठेवून, मान ताणताणून सगळ्यात लांबचा तुकडा उचलला आणि पळाली. छत्रीजवळचे तीन अजून तसेच पडलेत. रात्री उचलून ठेवू, की राहू देत?