झुमांच्या आधी मोंगेला

आफ्रिकी संघात, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेत, सर्वोच्च पदावर पहिली स्त्री २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्कोसाझाना द्लामिनी-झुमांच्या रूपाने आली, असं म्हटलं जातं; ते संघाचा कारभार पाहणाऱ्या आयोगापुरतं खरं आहे. पण मार्च २००४ मध्येच टांझानियाच्या गर्ट्रूड मोंगेला त्याच संघाच्या अखिल आफ्रिकी संसदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या होत्या. व्हिक्टोरिया सरोवरातल्या उकेरेवे बेटावर जन्मलेल्या या शिक्षिकेनं १९९५ची बीजिंगची जागतिक महिला परिषद महासचिव म्हणून पेलली. त्याआधी त्या भारतात टांझानियाच्या उच्चायुक्तही होत्या, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही!

त्या संसदेला कायदे करायचा अधिकार नव्हता, फक्त सल्ला द्यायचा. तरी ते पद शोभेचं होतं असं मला मुळीच वाटत नाही. प्रत्येक देशाच्या पाच सदस्यांत किमान एक स्त्री हवीच, असा नियम असलेली संसद त्यांनी पहिल्या दिवसापासून चालवली.